हाफ-लाइफ : ॲलेक्स – एका फिजिओचा रिव्ह्यू

व्हीआर गेम, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून खेळायचा गेम, कसा आहे ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवते. मान धरलीय का, खांदा कुरकुरतोय का, कोपराच्या बाहेरच्या बाजूला दाबल्यावर दुखतंय का. ग्राफिक्स, गोष्ट वगैरे त्यानंतर. कोथरूडमध्ये माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे, दिवसभर लोकांचे आखडलेले सांधे हलवायचे हेच काम, त्यामुळे ही खोड आता जायची नाही. पुतण्या म्हणतो, ‘‘काकू, तू गेम खेळतेस की पेशंट तपासतेस?’’ दोन्ही, रे बाबा.

या सकाळच्या कसोटीवर ‘हाफ-लाइफ : ॲलेक्स’ माझ्या यादीत अजून वरच्या नंबरावर आहे. वॉल्व्ह कंपनीचा हा गेम २३ मार्च २०२० ला आला. आदल्या दिवशी आपल्याकडे जनता कर्फ्यू झाला होता आणि पुढच्या दोन दिवसांत सगळा देश कुलूपबंद. मी तो खेळले त्यानंतर बऱ्याच काळाने, क्वेस्ट ३ हा हेडसेट घरात आल्यावर. त्यानंतर नवे गेम आले, चित्रं आणखी चकचकीत झाली, पण खेळणाऱ्याच्या अंगाचा इतका विचार केलेला गेम मला दुसरा सापडलेला नाही.

आधी व्यवहाराचं बोलून घेते. हा गेम नुसत्या क्वेस्टवर चालत नाही, कॉम्प्युटर लागतो. किमान १२ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६०च्या तोडीचं ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. आमच्याकडे पुतण्याचा गेमिंग लॅपटॉप आहे, तो केबलने राऊटरला जोडायचा आणि हेडसेटवर स्टीम लिंक हे फुकटचं ॲप टाकायचं. राऊटर त्याच खोलीत असेल तर चित्र अडखळत नाही. राऊटर बेडरूममध्ये आणि तुम्ही हॉलमध्ये, मध्ये दोन भिंती, अशी परिस्थिती असेल तर आधी राऊटर हलवा, मग गेम विकत घ्या.

गोष्ट ‘हाफ-लाइफ २’च्या पाच वर्षं आधीची, सिटी १७ नावाच्या शहरात घडते. परग्रहवासीयांनी पृथ्वी ताब्यात घेतलीय, तुम्ही ॲलेक्स व्हॅन्स आहात आणि बाप पकडला गेलाय. एवढं माहीत असलं की पुरे. आधीचे भाग मी खेळलेले नाहीत आणि कुठे अडलं नाही.

आता मुद्द्याचं. खाली पडलेली वस्तू उचलायची म्हणजे वाकायचं, हे व्हीआरमधलं सगळ्यात महागडं काम आहे. क्वेस्ट ३चं वजन ५१५ ग्रॅम, त्यातलं बरंचसं चेहऱ्यासमोर. सरळ उभं असताना मान ते पेलते, पण मान खाली घालून काडतुसं शोधायला लागलात की तोच भार मानेच्या मागच्या स्नायूंवर कितीतरी जास्त पडतो. बहुतेक गेम याचा विचारच करत नाहीत. जमिनीवर पसारा टाकतात आणि म्हणतात वेचा. ॲलेक्समध्ये सुरुवातीलाच रसेल नावाचा माणूस तुम्हाला ग्रॅव्हिटी ग्लोव्ह्ज देतो. लांबच्या वस्तूकडे हात करायचा, मूठ आवळायची, मनगटाला स्वतःकडे हलका झटका द्यायचा. वस्तू उडून येते आणि ती हवेत झेलायची. झेलायची हे महत्त्वाचं. आपोआप हातात येऊन बसत नाही, मूठ वेळेवर मिटली नाही तर खाली पडते. म्हणजे वाकणं वाचवलं, पण कसब काढून घेतलं नाही. शेकडो वेळा करूनही त्या झेलण्याचा कंटाळा येत नाही. हालचाल मनगटातून, कोपर अंगालगत, खांदा आरामात. मी पेशंटला यापेक्षा वेगळं काही सांगितलं नसतं.

दुसरी गोष्ट पाठीवरची सॅक. काडतुसं हवीत? पिस्तूल नसलेला हात खांद्यावरून मागे न्या, मूठ मिटा, मॅगझीन (काडतुसं भरलेली डबी) हातात. सापडलेलं सामान ठेवायचं तर तसंच खांद्यावरून मागे टाकायचं. पडद्यावर खिडकी उघडत नाही, चौकटी येत नाहीत. समोरून हेडक्रॅब (परग्रहावरचा, झेप घेणारा किडा) उडी मारायच्या बेतात असताना एका हाताने रिकामं मॅगझीन पाडायचं, दुसऱ्याने खांद्यामागून नवं काढायचं, पिस्तुलात सरकवायचं आणि वरची स्लाइड मागे ओढायची. पहिल्या संध्याकाळी हात एकमेकांत अडकतात. आठवड्याने ते अंगात भिनतं आणि तुम्ही बोलता बोलता रिलोड करता. किती गोळ्या उरल्यात ते पिस्तुलाच्याच मागच्या बाजूला दिसतं, जीव किती उरलाय ते डाव्या ग्लोव्हच्या पाठीवर तीन बदामांत. डोळ्यांसमोर आकडे लटकवून ठेवलेले नाहीत, आणि त्यामुळे नजर जगावर राहते.

पण इथेच फिजिओ जागी होते. हात खांद्यावरून मागे नेणं म्हणजे दंड बाजूला उचलून बाहेर फिरवणं. केस विंचरताना होते तीच हालचाल, आम्ही तपासताना हीच करायला सांगतो. फ्रोझन शोल्डरमध्ये सगळ्यात आधी जाते ती हीच. मधुमेह असलेल्यांत हा त्रास जास्त, आणि आपल्याकडे मधुमेह घरोघर. अशा माणसाला हा गेम प्रत्येक मॅगझीनला एकदा ‘आई गं’ म्हणायला लावणार. वॉल्व्हने सोयी दिल्या आहेत हे मान्य: डावखुऱ्यांसाठी हात बदलता येतात, बसून खेळता येतं, एकाच कंट्रोलरवर (हातात धरायच्या बटणांच्या मुठीवर) सगळा गेम खेळता येतो. पाच-सहा वर्षांनंतरही इतक्या सोयी देणारे गेम थोडेच. तरी ‘मागे’ म्हणजे किती मागे हे खेळणाऱ्याच्या खांद्याला विचारून ठरवलं असतं तर फार बरं झालं असतं. त्यावर पुढे बोलते.

शस्त्र बदलायला कमरेला हात न्यावा लागत नाही हे मात्र फार आवडलं. पुष्कळ गेम कमरेला पिस्तूल लटकवतात. उभं असताना ठीक. खुर्चीत बसलात की कंट्रोलर खुर्चीच्या हातावर खटकन आदळतो, आणि दिवाणावर बसलात तर उशीत. इथे बटण दाबून धरायचं, हात इंचभर इकडे किंवा तिकडे न्यायचा, झालं. शिवाय दोन्ही मनगटांवर एकेक वस्तू मावेल असा कप्पा आहे. मी एका मनगटावर औषधाचं इंजेक्शन ठेवते, दुसऱ्यावर ग्रेनेड. इंजेक्शन स्वतःच्या अंगात टोचायचं. कुठेही टोचलं तरी चालतं, पण मी दर वेळी मांडीच्या बाहेरच्या बाजूलाच टोचते, सवय.

सातव्या चॅप्टरबद्दल मात्र थांबून लिहायला हवं. नाव ‘जेफ’. जुनी वोडकाची डिस्टिलरी, अंधार, आणि आत जेफ नावाचं एक प्रकरण हिंडतंय. त्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. गोळ्या घालून त्याला मारताही येत नाही. आणि त्या जागेत हवेत बुरशीचे कण आहेत, जवळ गेलात की ॲलेक्सला खोकला येतो. खोकली की जेफ वळला. उपाय काय? हात तोंडावर धरा. बटण नाही, मेनू नाही; कंट्रोलर धरलेला खराखुरा हात उचलून खऱ्याखुऱ्या तोंडासमोर न्यायचा आणि तिथेच ठेवायचा.

आता बघा काय होतं. एक हात तोंडावर अडकला. उरलेल्या एका हाताने कपाट उघडायचंय. कपाटाच्या दाराला टेकून बाटल्या ठेवलेल्या आहेत. दार सावकाश ओढलं, फट पडली, बाटली कलंडली. ती झेलायची तर दार सोडावं लागणार, दार सोडलं तर ते करकरणार, आणि तोंडावरचा हात काढला तर खोकला. मी त्या कपाटासमोर अशी उभी होते की नवऱ्याने स्वयंपाकघरातून येऊन विचारलं, ‘‘काय गं, मळमळतंय का?’’ मी उत्तर दिलं नाही. जेफ ऐकेल म्हणून. माझा खरा आवाज जेफपर्यंत जाणार नव्हता हे मला ठाऊक होतं, तरी दिलं नाही.

गेमप्ले डिझाइन म्हणून ह्या प्रसंगाची किंमत फार मोठी आहे. नवं काही शिकवलेलं नाही; तोंडावर हात ठेवायला जगात कुणाला शिकवावं लागत नाही. हाताची ती अवस्था शरीराला स्वस्त पडते: कोपर मुडपलेलं, दंड छातीजवळ, खांद्यावर भार नाही, कितीही वेळ धरता येते. आणि एका साध्या हालचालीने खेळाडूची निम्मी ताकद काढून घेतली. पुढे कुठेतरी एक मास्क सापडतो. तो चेहऱ्याला लावला की हात मोकळा होतो, आणि त्या क्षणी जो आनंद होतो तो नवी बंदूक मिळाल्यावर झाला नव्हता. ज्यांनी हे बनवलं त्यांना तेव्हा कुठे माहीत होतं, की गेम येईल त्याच वर्षी सगळी दुनिया तोंड झाकून फिरणार आहे!

चक्कर आणि मळमळीचं काय, हा प्रश्न क्लिनिकमधल्या मुली मला सगळ्यात आधी विचारतात. आपल्या कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र वेग मोजत नाही, वेगातला बदल मोजतं. सरळ रेषेत एकसारख्या वेगाने सरकलात तर ते फार तक्रार करत नाही. हळूहळू वेग वाढवणं, वळणं, डोकं न हलवता दृश्य फिरणं, ही त्याची दुखणी. डोळे म्हणतात हललो, कान म्हणतो कुठे हललो. ॲलेक्समध्ये जागा दाखवून तिथे उडी मारायची सोय आहे, ज्यात मधला प्रवास दिसतच नाही, आणि अंगठ्याने सलग चालायचीही आहे. नव्या माणसाने पहिली घ्यावी. वळण सलग न ठेवता टप्प्याटप्प्याचं ठेवावं. आणि पहिला घाम फुटला, जांभया यायला लागल्या की हेडसेट काढावा. ‘थोडं सहन केलं की सवय होते’ हा सल्ला देणाऱ्या पोरांचं ऐकू नये. तशी सवय लागत नाही, हेडसेट पाहूनच मळमळायची सवय लागते.

वजनाचा प्रश्न या माध्यमाला कुणी पूर्ण सोडवून दिलेला नाही. हातात शंभर-सव्वाशे ग्रॅमचा कंट्रोलर आणि डोळ्यांना दिसतेय कुऱ्हाड. खरी कुऱ्हाड लाकडावर थांबते. इथे काहीच थांबवत नाही, म्हणून प्रत्येक घाव तुमच्याच दंडाच्या स्नायूंना शेवटी आवरावा लागतो. दुसऱ्या दिवशी कोपर दुखतं ते यामुळे, मारल्यामुळे नव्हे. ‘द वॉकिंग डेड : सेंट्स अँड सिनर्स’ या झॉम्बींशी लढायच्या व्हीआर गेमने (२०२०च्या जानेवारीत आला) यावर एक युक्ती काढली. जड वस्तू उचलली की दिसणारा हात खऱ्या हाताच्या मागे रेंगाळतो, दोन हातांनी धरली की नीट येतो, आणि जोरजोरात घाव घालत सुटलात तर पात्राचा दम संपतो. त्यामुळे माणूस आपणहून सावकाश, मोजून मारतो. मेलेल्याच्या कवटीत रुतलेली सुरी परत ओढून काढावी लागते, हा किळसवाणा तपशीलही हालचालीला शेवट देतो. ॲलेक्सने वेगळा रस्ता धरला: हाणामारीचं शस्त्रच ठेवलं नाही. मालिकेची ओळख असलेली पहार यात नाही. ती दारांत, सामानात अडकायची, असं वॉल्व्हच्या लोकांनी सांगितलेलं आहे. जुने चाहते रुसले म्हणे. माझ्या मते बरोबर केलं.

‘बीट सेबर’चं, म्हणजे गाण्याच्या तालावर अंगावर येणारे ठोकळे तलवारीने कापायच्या व्हीआर गेमचं, नाव यात आलंच पाहिजे, कारण हालचाल कशी व्हावी हे त्याने गुणांतून शिकवलं. येणाऱ्या प्रत्येक ठोकळ्याला जास्तीत जास्त ११५ गुण. त्यातले ७० कापण्याआधी तलवार १०० अंश फिरवल्याचे, ३० कापून झाल्यावर ६० अंश पुढे नेल्याचे, आणि ठोकळा अगदी मधोमध कापल्याचे फक्त १५. म्हणजे नुसतं मनगट झटकून काम भागतं, पण गुण मिळत नाहीत. गुण हवेत तर हात पूर्ण फिरवा. खेळणाऱ्याला वाटतं आपण स्कोअर करतोय, आणि कोपर-खांद्याची चांगली लांब हालचाल होऊन जाते. तलवार प्रकाशाची असल्याने ठोकळ्यातून आरपार जाते, ‘थांबली का नाही’ हा प्रश्नच नाही. प्रागच्या एका छोट्या चमूने हे २०१८ साली करून दाखवलं.

ॲलेक्सचं जे पटलं नाही तेही सांगते. कुलूप उघडायची कोडी. हवेत एक गोळा उघडतो, त्यावरचे ठिपके जुळवा, भिंतीतल्या तारांचा माग काढा. पहिल्यांदा मजा, मग मजा, मग ‘पुन्हा हेच?’. शिवाय दोन्ही हात छातीच्या उंचीवर पुढे धरून बारीक काम करायचं, तेही सुटेपर्यंत. आधार नसलेला हात असा पुढे धरून ठेवणं हे लढाईपेक्षा जास्त थकवतं. मानेच्या बाजूचे स्नायू टणक होतात. तो गोळा वाटेल तिथे धरता आला असता, अगदी मांडीजवळ, तर माझी काही तक्रार नव्हती. शिडीबद्दलही तेच. आणि शेवटाकडे एक भाग आहे जिथे ग्लोव्ह्जची ताकद अचानक वाढते. तो इतका छान आहे की इतका उशिरा आणि इतका छोटा का ठेवला याचं वाईट वाटतं.

सासूबाईंनाही मी हेडसेट घातला होता. आईंना मधुमेह आहे आणि उजवा खांदा बरा होण्याच्या वाटेवर होता. लढाई नको होती त्यांना. पण पहिल्याच चॅप्टरमध्ये, अगदी सुरुवातीला, काचेची खिडकी आणि तिच्यावर लिहायला मार्कर पेन ठेवलेले आहेत. गोष्टीत त्याचा काही उपयोग नाही, कुणी लिहायला सांगतही नाही. (गेम आला त्याच महिन्यात एका शिक्षकाने ह्याच काचेवर भूमितीचा तास घेऊन व्हिडिओ टाकला होता.) आईंनी पेन उचललं आणि ठिपके द्यायला सुरुवात केली. सात ते एक, मधल्या ओळीपासून दोन्हीकडे. वरच्या ओळीला हात पोचेना तर टाचा उंचावल्या, मग हात थोडा आणखी वर. मी बघत होते. भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम मी त्यांना रोज करा म्हणून मागे लागत असे आणि त्या रोज विसरत असत. इथे रांगोळी पूर्ण करायची म्हणून केला. ‘‘रंग भरायला नाहीत का गं?’’ एवढीच तक्रार.

या सगळ्यावरून मला काय हवंय ते गेम बनवणाऱ्यांना सांगावंसं वाटतं. पुण्यातही व्हीआरवर काम करणारी मुलं आहेत, त्यांतलं कुणी वाचत असेल. एक, सुरुवातीला उंची मोजता तशी पोच मोजा. दोन्ही हात समोर, बाजूला, डोक्यामागे, दुखणार नाही इतके न्यायला सांगा आणि लक्षात ठेवा. मिनिटभराचं काम. मग सॅक, म्यान, शिडीची पायरी, सगळं त्या पोचेच्या आत मांडा. कठीण लेव्हल करायची तर वेळ कमी करा, शत्रू वाढवा. खांदा पणाला लावू नका. आणि ही पोच महिन्याने पुन्हा मोजा, कारण वाढलेली असेल, आणि वाढलेली दाखवलीत तर माझे पेशंट तुमचा गेम सोडणार नाहीत.

दुसरं, हात खाली सोडायला कारण द्या. लिफ्ट, संवाद, खिडकीतून दिसणारं काहीतरी. ॲलेक्समध्ये लढाईनंतर शोधाशोधीचा संथ वेळ येतो, म्हणून तो दीड तास खेळवतो. सलग गोळीबाराचे गेम अर्ध्या तासात अंग मोडतात. तिसरं अगदी घरगुती: ‘बसून’ म्हणजे खुर्चीवरच असं धरू नका. आम्ही मांडी घालून बसतो. बऱ्याच गेममध्ये मांडी घातली की टेबलाची खालची बाजू दिसायला लागते. आणि जमिनीवर सीमारेषा आखून घेता तसं डोक्यावर पंखा आहे का हेही विचारा. माझा नवरा सहा फुटी आहे, ग्रेनेड फेकायला हात वर नेला की थेट पात्यापाशी. आमच्याकडे व्हीआर चालू तर पंखा बंद, एप्रिलमध्येसुद्धा.

घ्यावा का? चांगला कॉम्प्युटर घरात असेल तर नक्की. लढाईची सवय नसेल तर गेम संपायला पंधरा तास धरा, रोज पाऊण-एक तासाने दोन-तीन आठवडे जातात. अंधाराची, अंगावर उडी मारणाऱ्या किड्यांची भीती असणाऱ्यांनी आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांनी लांब राहावं. चक्कर, स्पाँडिलायटिस, नुकतं खांद्याचं ऑपरेशन असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. संपवून झाल्यावर बनवणाऱ्यांच्या कॉमेंटरीसह पुन्हा एकदा फिरून या. नोव्हेंबर २०२० मध्ये ती फुकट जोडली गेली, तीन तासांहून जास्त आहे, आणि कुठली गोष्ट का केली ते त्याच जागी उभं राहून ऐकायला मिळतं. हेडसेटचा वरचा पट्टा मात्र आधी नीट आवळून घ्या, गालावर नाही, डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली भार यायला हवा.